सगळं यूएसबीच, तरी प्रत्येक यंत्राला वेगळा ड्रायव्हर का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गावात तुमचं सेवा केंद्र आहे, जुना संगणक बसला म्हणून विंडोज ११ चा नवा घेतला. माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह लावल्याबरोबर चालले. लेझर प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि पावत्यांचा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र अडून बसले. सहाही वस्तूंची पिन यूएसबीचीच. मग यूएसबी हे एकच मानक असेल तर प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा कशाला, की हा कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा आहे?

मी दारव्ह्याला बावीस वर्षांपासून संगणक दुरुस्त करतो. पीकविम्याच्या गर्दीत केंद्रवाल्यांचे जे फोन येतात त्यातले निम्मे याच दुखण्याचे असतात, म्हणून जरा बैजवार लिहितो. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. जोड जुळणं ही एक आणि काम समजणं ही दुसरी. यूएसबी पहिल्या गोष्टीची पूर्ण हमी देतं. दुसऱ्या गोष्टीची हमी ते काही ठरावीक कामांपुरतीच देतं.

ट्रॅक्टरच्या मागचे तीन सांधे आठवा, खालचे दोन दांडे आणि वरची टॉपलिंक. त्यांची मापं ठरलेली असतात, म्हणून एका कंपनीच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कंपनीचा रोटाव्हेटर बसतो. इंजिनची ताकद अवजाराला देणारा पीटीओचा शाफ्टही ठरलेला, सहा खाचांचा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा. पण पेरणीयंत्र जोडलं म्हणजे सोयाबीन पेरून झालं का? एकरी बी किती पाडायचं, दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, फण किती खोल जाऊ द्यायचा, हे पेरणीयंत्राचं ज्ञान आहे. थ्रेशरचं ज्ञान वेगळं, रोटाव्हेटरचं वेगळं. सांध्याच्या मापात यातलं काहीही लिहिलेलं नसतं. ते ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. संगणकात त्या माणसाच्या जागी जो छोटा प्रोग्राम बसतो, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात.

आता यूएसबीने नेमकं काय ठरवून दिलं ते पाहू. पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. त्याआधी प्रिंटरची पिन रुंद २५ काड्यांची, माउसची गोल किंवा नऊ काड्यांची, मोडेमची आणखी निराळी. यूएसबीने पिनेचा आकार, ५ व्होल्टचा पुरवठा, तारेवरचे संकेत आणि कोणी कधी बोलायचं ते ठरवलं. त्याबरोबर ओळख करून द्यायची रीतही ठरवली, आणि आपल्या प्रश्नासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. कोणतंही यंत्र लावलं की संगणक त्याला आधी विचारतो, तू कोण? यंत्र १८ बाइट्सचं उत्तर देतं. त्यात बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक असतो आणि त्या मॉडेलचा क्रमांक असतो. यंत्र कोणत्या वर्गातलं आहे, तेही याच ओळखपरेडीत कळतं. कंपनीचा क्रमांक ०३एफ० दिसला तर वस्तू एचपीची, ०४ए९ दिसला तर कॅनॉनची. हे क्रमांक घेऊन विंडोज आपल्या कोठारात शोधतं की या पाहुण्याशी बोलणारा कोणी आपल्याकडे आहे का.

माउस म्हणतो, मी माणसाच्या हातातल्या साधनांच्या वर्गातला. या वर्गाची भाषाही मानकातच ठरलेली आहे: कोणतं बटण दाबलं, आडवं किती सरकलो, उभं किती सरकलो. जगातले बहुतेक माउस एवढंच बोलतात. पेनड्राइव्ह म्हणतो, मी साठवणुकीच्या वर्गातला. अमुक क्रमांकाचा ठोकळा वाच, तमुक क्रमांकाचा लिही, एवढ्या हुकमांत त्याचा संसार चालतो. म्हणजे तुमच्या माउसला ड्रायव्हर लागला नाही असं वाटतं खरं, पण त्याचा ड्रायव्हर विंडोजसोबत आधीच आलेला होता.

हे मला नीट समजलं ते विंडोज ९८ मुळे. मी दुकान सुरू केलं तेव्हा तालुक्यात विंडोज ९८ ची बरीच यंत्रं होती आणि त्यांना पेनड्राइव्ह लावला तर काहीच होत नसे. पेनड्राइव्हसोबत छोटी सीडी यायची, ती आधी घालावी लागे. तोच पेनड्राइव्ह शेजारच्या विंडोज एक्सपीवर आपोआप उघडायचा. वस्तू तीच, पिन तीच. फरक एवढाच की एक्सपीच्या कोठारात तो ड्रायव्हर होता आणि ९८ च्या कोठारात नव्हता.

मानक ठरणं आणि विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर येणं यात किती वर्षं जाऊ शकतात, त्याचं एक उदाहरण देतो. यूएसबी आवाजयंत्रांच्या वर्गाची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये ठरली. विंडोजमध्ये तिचा स्वतःचा ड्रायव्हर आला २०१७ मध्ये. मधली अकरा वर्षं ध्वनिमुद्रणाची चांगली यंत्रं बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापला ड्रायव्हर लिहून द्यावा लागला. मानक पाळूनही.

आता तुमच्या तीन यंत्रांकडे येतो. आधी लेझर प्रिंटर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याच बाबतीत आहे.

प्रिंटरचाही यूएसबीत वर्ग आहे. पण तो वर्ग एवढंच ठरवतो की संगणकाकडून आलेले बाइट्स प्रिंटरपर्यंत कसे न्यायचे आणि कागद संपला हे परत कसं कळवायचं. त्या बाइट्सचा अर्थ काय, यावर तो गप्प आहे. पोस्टमन पाकीट पोचवतो, आतलं पत्र मराठीत आहे की तेलुगूत याच्याशी त्याचा संबंध नसतो, तसं. आणि पत्रं खरोखरच वेगवेगळ्या भाषांत असतात. एचपीची पीसीएल आणि अडोबीची पोस्टस्क्रिप्ट या दोन्ही भाषा १९८४ च्या आसपासच्या, म्हणजे यूएसबीपेक्षा बारा वर्षांनी थोरल्या. एप्सनची ईएससी/पी ही डॉट मॅट्रिक्सवाल्यांची भाषा. यूएसबी आलं तेव्हा हे सगळे आधीच आपापल्या घरात नांदत होते. कोणीही आपली भाषा सोडली नाही, फक्त पिन बदलली.

त्यावर स्वस्ताईची भर पडली. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजायला प्रिंटरच्या आत बऱ्यापैकी ताकदीचा प्रोसेसर आणि मेमरी लागते. ए-फोर आकाराचं एक पान ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपक्यांनी, छापायचं तर सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात. काळा-पांढरा एवढंच धरलं तरी एका पानाचे ४३ लाख बाइट्स. ही जुळवाजुळव प्रिंटरने करायची तर प्रिंटर महागतो. म्हणून कंपन्यांनी ठरवलं की टेबलावर संगणक आहेच, पान त्यालाच रचू दे, प्रिंटरने फक्त ठिपके उठवावेत. आपल्याकडे सेवा केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत कॅनॉनचा एलबीपी २९०० सर्रास दिसतो. तो याच जातीचा. त्याची भाषा कॅप्ट नावाची, कॅनॉनची स्वतःची. अशा प्रिंटरचा अर्धा मेंदू ड्रायव्हरमध्ये असतो. ड्रायव्हर नसेल तर तो प्रिंटर अर्धाच आहे असं धरा. कमी पैशात टिकाऊ मशीन मिळालं त्याची ही दुसरी बाजू आहे, आणि माझ्या मते सौदा वाईट नव्हता. फक्त घेताना दुकानदाराने हे सांगायला हवं होतं.

नव्या प्रिंटरांत हे चित्र बदलत आहे. मोबाइलमध्ये प्रत्येक कंपनीचा ड्रायव्हर घालणं शक्य नव्हतं, म्हणून २०१० मध्ये अॅपलने एअरप्रिंट आणलं आणि २०१३ मध्ये काही प्रिंटर कंपन्यांनी मिळून मोप्रिया. दोन्हींत प्रिंटर ठरलेल्या पद्धतीचं पान घेतो आणि आपल्याला काय काय जमतं ते स्वतः सांगतो. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून वाटणं टप्प्याटप्प्याने थांबवणार आणि एकाच सामाईक ड्रायव्हरवर भर देणार. तेव्हा पुढचा प्रिंटर घ्याल तेव्हा खोक्यावर मोप्रिया किंवा एअरप्रिंट लिहिलंय का ते बघा. ‘यूएसबी आहे का’ हे विचारून काही कळत नाही. ते सगळ्यांनाच असतं.

डॉट मॅट्रिक्सची गोष्ट निराळी आहे आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यात आपली मराठी येते. या मशीनच्या पोटात इंग्रजी अक्षरं कायमची भरलेली असतात. संगणकाने ६५ हा आकडा पाठवला की ते इंग्रजी ए ठोकतं. एक बाइट, एक अक्षर, म्हणून इंग्रजी पावती खडखडत झटकन निघते. पण ‘क’ किंवा ‘ज्ञ’ त्याच्या पोटात सहसा नसतो. तेव्हा ड्रायव्हर ते अक्षर आधी ठिपक्यांचं चित्र म्हणून काढतो आणि ते चित्र ओळीओळीने पाठवतो. म्हणूनच मराठी पावतीला जास्त वेळ लागतो. मशीन म्हातारं झालं म्हणून नव्हे. विंडोजमध्ये ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ नावाचा एक ड्रायव्हर असतो. त्याने जवळपास कोणताही डॉट मॅट्रिक्स चालतो आणि बरेच मिस्त्री तोच घालून मोकळे होतात. इंग्रजी बिलांना तो चालेल. मराठी नाव आलं की त्या जागी प्रश्नचिन्हं उमटतील, कारण त्या ड्रायव्हरला चित्र काढणं येतच नाही. ग्राहक म्हणतो प्रिंटर बिघडला. प्रिंटर ठणठणीत असतो, चुकीचा माणूस ट्रॅक्टरवर बसवलेला असतो.

अंगठ्याच्या मशीनसाठी यूएसबीत ठरलेला असा वर्गच नाही. प्रत्येक कंपनी ‘आमची खास’ या वर्गात आपलं मशीन नोंदवते, म्हणून ड्रायव्हर कंपनीचाच लागतो. आधारच्या कामात त्यावर आणखी एक थर आहे, त्याला आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस म्हणतात. ठसा कोणी मधल्यामध्ये साठवून पुन्हा वापरू नये म्हणून तो घेतल्या घेतल्या कुलूपबंद होऊन, मशीनच्या सहीसह पुढे गेला पाहिजे. एल-वन दर्जाच्या मशीनमध्ये हे काम मशीनच्या आतच होतं. हा वेगळेपणा हवाच आहे, आणि मी त्याच्या बाजूने आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं रेशन आणि पेन्शन त्या ठशावर असतं. कोणत्याही सामाईक ड्रायव्हरला तो ठसा उघडा मिळत असता तर मी स्वतः असं मशीन कुठे बसवलं नसतं.

व्यवहारात मात्र हे दोन थर लोक एकच समजतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या यादीत, मशीन दिसतं, बिघाडाचं पिवळं चिन्ह नसतं, तरी पोर्टल म्हणतं ‘डिव्हाइस नॉट रेडी’. याचा अर्थ ड्रायव्हर बसला, पण आरडी सर्व्हिस सुरू नाही किंवा तिची मुदत संपली आहे. पोर्टलचं पान तुमच्याच संगणकातल्या ११,१०० ते ११,१२० या पोर्टांवर (पिनेचे पोर्ट नव्हेत, प्रोग्रामांनी आपसांत बोलायची क्रमांकाची दारं) त्या सर्व्हिसला हाक मारतं. अँटिव्हायरसने ती वाट अडवली असेल तरी हाच संदेश येतो. अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा घालण्यात दुपार घालवू नका. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. मशीन ठसा घेत नसेल तर आधी स्वतःचं बोट ठेवून बघा. तुमचं बोट लागतं आणि समोरच्या बाईचं लागत नाही, तर दोष मशीनचा नाही. कापूस वेचून, निंदून बोटांच्या रेषा झिजतात. दुसरं बोट घ्या, हात धुऊन पुसायला द्या, कुठे चालत असेल तिथे ओटीपी किंवा डोळ्यांच्या मशीनचा मार्ग काढा. पण तिला तीनदा हेलपाटा मारायला लावू नका.

कंपन्या मुद्दाम वेगळं ठेवतात का, हा तुमचा खरा सल. काही प्रमाणात हो. आपली भाषा उघड केली नाही की ग्राहक बांधलेला राहतो, आणि जुन्या मॉडेलचा नवा ड्रायव्हर लिहिला नाही की नवं मशीन विकलं जातं. हे होतं आणि ते मला खटकतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर किती चांगले चालते स्कॅनर अडगळीत गेले ते मी दुकानात बघतो आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटचं येतं. ज्या यंत्राचा ड्रायव्हर कंपनीने ३२ बिटपुरताच लिहिला, ते तिथे चालणार नाही. तरी बहुतेक वेळा कारण साधंच असतं: यंत्र आधी निघालं, मानक मागून आलं. किंवा मानकात जेवढं होतं त्यापेक्षा यंत्राला जास्त येत होतं.

एकाच नावाच्या वस्तूंतही ड्रायव्हर का बदलतो, त्याचा मला एकदा चांगलाच धडा मिळाला. दिवाळीनंतरचा कापसाचा हंगाम, एका जिनिंगच्या वजनकाट्यावर बोलावणं आलं. काट्याचा डिस्प्ले जुन्या पद्धतीच्या नऊ काड्यांच्या सिरियल तारेने बोलायचा आणि संगणकाला यूएसबी, म्हणून मध्ये बदलणारी केबल होती. रात्री विंडोज अपडेट झालं, सकाळी वजन येईना. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि गाडीवानांचे चेहरे मला अजून आठवतात. केबलपुढे पिवळं चिन्ह, खाली कोड १०. ड्रायव्हर तीन वेळा घातला, काही उपयोग नाही. शेवटी कळलं की केबलमधली चिप नक्कल होती. ओळखपरेडीत ती एका नामांकित चिपचे क्रमांक सांगत होती. जुना ड्रायव्हर विश्वास ठेवायचा, नव्याने तपासणी करून तिला बाहेर ठेवलं. दुसऱ्या चिपची केबल यवतमाळहून मागवली, तिचा स्वतःचा ड्रायव्हर घातला आणि काटा दुपारी दोनला सुरू झाला. चार प्रकारच्या चिपा बाजारात असतात, केबली बाहेरून सारख्याच दिसतात, ड्रायव्हर चारही वेगळे. तेव्हापासून मी केबल घेताना आतली चिप कोणती ते विचारतो आणि एक जास्तीची केबल पिशवीत ठेवतो.

तर आता तुम्ही काय करायचं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ज्याच्यापुढे पिवळं चिन्ह आहे त्यावर डबल-क्लिक करा आणि उघडलेल्या खिडकीत त्याचा कोड बघा. कोड २८ असेल तर ड्रायव्हरच बसलेला नाही, तो घातला की काम होतं. कोड १० असेल तर ड्रायव्हर आहे पण यंत्र सुरू होत नाही, मग ड्रायव्हरची आवृत्ती चुकली किंवा त्या काट्याच्या केबलसारखी नक्कल चिप. कोड ४३ असेल आणि सोबत ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसत असेल, तर यंत्राला आपली ओळखच नीट सांगता आली नाही. तिथे ड्रायव्हरचा सहसा काही संबंध नसतो. केबल बदला, समोरच्या पोर्टऐवजी मागचा पोर्ट वापरा.

कोड २८ असेल तर त्याच खिडकीत ‘डिटेल्स’मध्ये जाऊन हार्डवेअर आयडी निवडा. कंपनीचा आणि मॉडेलचा, असे चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक दिसतील. त्यावरून नेमकं मॉडेल ठरवा आणि ड्रायव्हर फक्त त्या कंपनीच्या साइटवरून घ्या. एका झटक्यात सगळे ड्रायव्हर टाकून देतो म्हणणारे फुकटचे प्रोग्राम घालू नका. बरेच ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतात, तिथे चुकीचा माणूस शिरला तर सगळं यंत्र निळ्या पडद्यावर थांबतं. नव्या संगणकात वायफायचाच ड्रायव्हर नसेल तर अँड्रॉइड मोबाइल केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, लगेच नेट मिळतं. उतरवलेल्या फाइली एका पेनड्राइव्हवर, प्रत्येक यंत्राच्या नावाचं फोल्डर करून ठेवा. लाईन आणि नेट दोन्ही गेलेल्या दिवशी तो पेनड्राइव्ह तुमचं केंद्र वाचवेल.

लेझर प्रिंटरला कंपनीचा ६४ बिटचा ड्रायव्हर घाला, मात्र तो घालेपर्यंत प्रिंटरची केबल काढून ठेवा आणि मागेल तेव्हाच लावा. अंगठ्याच्या मशीनला आधी ड्रायव्हर, मग आरडी सर्व्हिस, मग संगणक बंद करून चालू, याच क्रमाने.

डॉट मॅट्रिक्सचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे त्याचं इथून पक्कं सांगता येत नाही. मशीन बंद करा, लाइन फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच चालू करा. बरीच मशीन स्वतःची चाचणी छापतात आणि काहींत इम्युलेशन, म्हणजे मशीन कोणाची भाषा बोलतं, ही ओळही असते. तिथे एप्सन दिसलं तर एप्सनच्या त्या मालिकेचा ड्रायव्हर निवडून मराठी पावती एकदा छापून बघा. नाहीच जमलं तर त्या कागदाचा फोटो आणि दोन्ही क्रमांक पाठवा. मी संध्याकाळी दुकान बंद केल्यावर बघतो.